सगळ्यांना एकदम की एकेकाला? शेअर बाजाराच्या सर्व्हरकडून दुकानदाराने शिकायची गोष्ट



वागळे इस्टेटमध्ये माझं पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे. सुरुवातीला बॉक्सचा स्वस्त लॉट आला की मी गिऱ्हाइकांना एकेक करून व्हॉट्सॲप करायचो. यादी ठरलेली, वरून खाली. एक दिवस रोड नंबर २२ वरचे एक जुने कारखानदार काउंटरवर येऊन म्हणाले, "तुमचा मेसेज येतो तेव्हा माल संपलेला असतो. मी यादीत शेवटी आहे का?"

होते. मी कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं, पण गिऱ्हाईक गेलं.

हाच प्रश्न शेअर बाजारातही आला

एक सर्व्हर आणि भाव मागणारे शेकडो क्लायंट. मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने ब्रोकरना आपले सर्व्हर एक्स्चेंजच्याच डेटा सेंटरमध्ये ठेवायची सोय दिली. २०१० पासून तिथे प्रत्येक सौद्याची माहिती टीसीपी जोडणीवरून जायची. टीसीपीमध्ये प्रत्येक क्लायंटची जोडणी वेगळी, त्यामुळे सर्व्हर तीच माहिती एकेकाला पाठवतो. जो आधी जोडला गेला, त्याला आधी मिळण्याची शक्यता. फरक डोळ्याची पापणी लवण्याहूनही कमी, पण तिथे तेवढ्यात सौदा होतो.

२०१४ मध्ये एक्स्चेंज मल्टिकास्टवर गेलं. यात सर्व्हर एकच पॅकेट सोडतो, त्याच्या प्रती नेटवर्कचे स्विच करतात. रांगच नाही.

जुन्या पद्धतीवरून सेबीने एप्रिल २०१९ मध्ये एक्स्चेंजला ६२४.८९ कोटी रुपये व्याजासह भरायला सांगितले. जानेवारी २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने ती वसुली रद्द केली, पण पुरेशी काळजी घेतली नाही म्हणून १०० कोटी भरायला लावले. माहिती कुठल्या क्रमाने जाते हा प्रश्न किती महाग पडू शकतो, बघा!

आपण काय करायचं?

१. भाव सांगायचा तो सगळ्यांना एकदम. ब्रॉडकास्ट लिस्ट बनवा. लक्षात ठेवा, ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज जातो. म्हणून बिल देतानाच नंबर सेव्ह करून घ्या.

२. मेसेजला नंबर द्या. मल्टिकास्टमध्ये पॅकेट हरवलं तर ते आपोआप परत येत नाही, म्हणून पॅकेटवर क्रमांक असतो. ३९ नंतर थेट ४१ आलं की क्लायंटला कळतं, ४० राहिलं. मीही "रेट क्र. ४१" असं लिहितो. मधला चुकला की गिऱ्हाईक स्वतः फोन करतं.

३. ऑर्डर मात्र एकेकाचीच घ्या. तिथे पोच हवी, गडबड चालत नाही. आलेल्या क्रमाने वहीत वेळ टाका आणि "मिळाली" असं लगेच कळवा.

ते कारखानदार परत आले का? हो, पण लगेच नाही. आठ महिने लागले. यादी बदलायला मला एक संध्याकाळ लागली होती.

तुमच्या यादीत शेवटचं नाव कुणाचं आहे? आजच बघा, आणि त्यांना आधी फोन करा.