लेथवरचं लाकूड (लेखांक ९) : हवेने धरलेला वाडगा

मागच्या लेखांकात वाडगा आतून कोरून झाला. बाहेरचा आकार जमला, भिंतीची जाडी सारखी झाली, पॉलिश पेपरही फिरला. उरलं ते बूड. चार जबड्यांच्या चकने ज्या खुंटीला धरून हे सगळं काम झालं, ती खुंटी अजून बुडाला तशीच असते. ती काढायची तर वाडगा उलटा करून लेथवर चढवायला हवा. पण धरायचा कुठे? काठ पातळ, पोट गोल, आणि तयार पृष्ठभागावर जबड्याचा एक ओरखडाही चालणार नाही.

लाकडी तबकडीत काठाच्या मापाची खाच कातून वाडगा तिच्यात दाबून बसवणं, हा जुना उपाय. तो आजही चांगला आहे, पण दर वाडग्याला नवी खाच लागते. ती किंचित सैल झाली तर वाडगा निसटतो, घट्ट झाली तर काठ तडकतो. रबरी बोंडं लावलेले मोठे जबडे सपाट गोल काठाला ठीक. झाडाची साल काठावर तशीच राखलेला वेडावाकडा वाडगा त्यांच्या आवाक्याबाहेरचा. अमेरिका-कॅनडातल्या कातकाम करणाऱ्यांमध्ये व्हॅक्यूम चक रुळला तो याच अडचणीमुळे. नळकांड्यासारखा एक पोकळ ड्रम स्पिंडलवर बसवायचा, त्याच्या तोंडावर वाडगा उलटा टेकवायचा आणि आतली हवा पंपाने काढून घ्यायची. बस्स, वाडगा चिकटून राहतो.

चिकटून राहतो असं म्हटलं तरी पंप त्याला ओढून धरत नसतो. धरते ती बाहेरची हवा. माग्देबुर्गचा नगराध्यक्ष ओटो फॉन गेरिके याने १६५७ मध्ये तांब्याचे दोन अर्धगोल एकमेकांना जोडून आतली हवा काढली आणि दोन्ही बाजूंना आठ-आठ घोडे जुंपले, ती गोष्ट शाळेत बहुतेकांनी वाचलेली असते. अर्धगोलांचा व्यास सुमारे पन्नास सेंटिमीटर होता. समुद्रसपाटीला हवा दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलोच्या जोराने दाबते, म्हणजे त्या अर्धगोलांवर दोन टनांच्या आसपास जोर होता. लेथवरच्या ड्रमलाही हाच हिशोब लागू होतो.

हा हिशोब प्रत्येकाने एकदा कागदावर मांडून पाहावा. भारतात मिळणाऱ्या व्हॅक्यूम गेजवर शून्य ते ७६० मिलिमीटर पारा असे आकडे असतात. काटा ५०० वर असेल तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.६८ किलो जोर मिळतो. ७५ मिलिमीटर व्यासाच्या ड्रमवर हा जोर ३० किलो भरतो, १५० मिलिमीटरच्या ड्रमवर १२० किलो. व्यास दुप्पट, पकड चौपट. पण वाडग्याला खरा धोका असतो तो हत्यार अडकून पिळला जाण्याचा, आणि पीळ अडवते ती फक्त रबर आणि लाकूड यांच्यातली घासण. ही घासण जोराच्या प्रमाणात वाढते, शिवाय मोठ्या ड्रमवर ती केंद्रापासून दूर काम करते. म्हणून व्यास दुप्पट केला की पीळ सोसण्याची ताकद आठपट होते. वाडग्यात मावेल तेवढा मोठा ड्रम घ्या, असं जाणकार सांगतात ते यासाठी.

उंचीचाही परिणाम होतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० मिलिमीटर पारा, पुण्यात साधारण ७१०, तर १,६०० मीटर उंचीवरच्या डेन्व्हर शहरात सव्वासहाशेच्या जवळपास. पंप कितीही भारी असो, बाहेर नसलेला दाब तो आणणार कुठून? तरीही नवशिक्याचा बहुतेक खर्च आणि काळजी पंपावर होते. खरं लक्ष द्यायला हवं ते गळतीवर.

हवेची वाट ड्रमपासून सुरू होते. ड्रम पीव्हीसी पाइपचा करता येतो, लाकडाचा किंवा एमडीएफचाही. एमडीएफ दिसायला ठोस असतो, पण हवा त्यातून सहज झिरपते. सीएनसी राउटरच्या व्हॅक्यूम टेबलवर तर मुद्दाम एमडीएफचा वरचा थर खरवडून काढतात आणि त्याच्या आरपार हवा खेचून वरची फळी धरून ठेवतात. ड्रमला नेमकं उलट हवं असतं. म्हणून एमडीएफच्या ड्रमला आतून-बाहेरून इपॉक्सी किंवा लाखेच्या पॉलिशचे हात द्यावेच लागतात. ड्रमचं तोंड आपल्याच लेथवर कातून अचूक गोल करायचं, कडा बोथट करायच्या आणि त्यावर बंद छिद्रांच्या निओप्रीन फोमची दोन-तीन मिलिमीटरची पट्टी चिकटवायची. उघड्या छिद्रांचा स्पंज इथे कुचकामी, कारण हवा त्याच्याच अंगातून आत जाते.

ड्रम आणि स्पिंडल यांच्या आट्यांमधूनही हवा शिरते, तिथे प्लॅस्टिकचा पातळ वॉशर किंवा ओ-रिंग लागते. स्पिंडल आरपार पोकळ असणं ही पहिली अट. ज्या लेथचा स्पिंडल भरीव, त्यावर ही रचना मागच्या बाजूने जोडता येत नाही. पोकळ स्पिंडलच्या मागच्या टोकाला फिरता सांधा बसतो. स्पिंडल फिरत राहतो, नळी मात्र जागची हलत नाही, आणि दोघांच्या मध्ये सील असलेलं बेअरिंग असतं. ओंटारिओतल्या स्ट्रॅटफर्डची वनवे कंपनी असे तयार सांधे आणि ड्रम विकते. पुष्कळ अमेरिकन हौशी कारागीर मात्र दिव्याच्या स्टँडमध्ये वापरतात तशी पोकळ, आट्यांची नळी स्पिंडलमधून ओवून आणि तिच्या टोकाला साधं बेअरिंग बसवून सांधा घरीच करतात. काम दोन्ही चोख करतात.

सांध्यापासून पुढे नळी, तिच्यावर गेज, धूळ अडवणारा फिल्टर, एक छोटा वॉल्व्ह आणि शेवटी पंप. गेज पंपाशेजारी न लावता हेडस्टॉकच्या जवळ लावावा. अरुंद नळीतून गळतीची हवा वाहत असली की पंपापाशी काटा ऐटीत उभा दिसतो, आणि वाडग्यापाशी प्रत्यक्ष पकड कमी असते.

पंपाची निवड करताना तो किती खोल व्हॅक्यूम करतो यापेक्षा दर मिनिटाला किती हवा उपसतो हे जास्त पाहावं. एसी दुरुस्तीवाल्यांकडचा तेलाचा पंप बंद पाइप रिकामा करायला बनलेला असतो. लाकडातून सतत झिरपणारी हवा तासभर उपसायला लावली तर तो तापतो आणि तेलाची वाफ ओकू लागतो. कार्बनच्या पात्यांचा, तेलाशिवाय चालणारा पंप या कामाला योग्य. मिशिगनच्या बेंटन हार्बर इथल्या गास्ट कंपनीचे असे पंप अमेरिकेत जुन्या यंत्रांतून काढलेले स्वस्तात मिळतात, आणि कित्येक कार्यशाळांची सुरुवात तशाच पंपावर झाली आहे.

जोडणी झाली की ड्रमच्या तोंडावर गुळगुळीत प्लॅस्टिकची चकती ठेवून काटा पाहायचा. हा या यंत्रणेचा सर्वोत्तम आकडा. तो वहीत लिहून ठेवावा. नंतर वाडगा लावल्यावर काटा याहून बराच खाली राहिला, तर गळती वाडग्यातच आहे हे कळतं.

लाकूड हवेला अडवतं ही समजूत इथे मोडते. रेड ओकच्या वाहिन्या इतक्या मोकळ्या असतात की छोट्या तुकड्याच्या एका टोकाने फुंकलं तर हवा दुसऱ्या टोकाला निघते. व्हाइट ओकच्या वाहिन्या निसर्गतःच बुजलेल्या असतात, म्हणून वाइन आणि व्हिस्कीची पिंपं त्याची होतात. वाडग्याच्या भिंतीत दोन जागी वाहिन्यांची तोंडं उघडी पडतातच, त्यात भेग किंवा सालीचा तुकडा असेल तर गळती आणखी वाढते. अशा वेळी बाहेरून चिकटपट्टी लावावी, किंवा पॉलिशचा पहिला हात आधीच देऊन छिद्रं बुजवावीत.

या सगळ्या कामातली सर्वांत देखणी युक्ती आहे ती वाडगा मध्यावर आणण्याची. नुसता हाताने टेकवला तर तो थोडा तरी बाजूला बसतो. म्हणून वाडगा चार जबड्यांच्या चकमधून सोडवायचाच नाही. चकसकट स्पिंडलवरून काढायचा आणि एका बाजूला मोर्स टेपर, दुसऱ्या बाजूला स्पिंडलचे आटे असलेल्या जोडतुकड्याने टेलस्टॉकवर चढवायचा. टेलस्टॉक पुढे सरकवला की वाडगा आपोआप मध्यावरच ड्रमला भिडतो. मग पंप सुरू करायचा, काटा स्थिरावू द्यायचा आणि त्यानंतरच जबडे सैल करायचे. सालीच्या काठाचे वाडगेही असेच बसतात, कारण ड्रम आत शिरून वाडग्याच्या आतल्या भिंतीला टेकतो. काठाचा संबंधच येत नाही.

पातळ वाडग्याला जास्तीचा जोर जीवघेणा ठरतो. ३०० मिलिमीटरचा वाडगा काठावर उपडा ठेवून ५०० मिलिमीटर व्हॅक्यूम दिलं तर त्याच्यावर ४८० किलो भार पडतो. दोन-तीन मिलिमीटरची भिंत त्याखाली आत फुटू शकते. वॉल्व्ह असतो तो इथे कामाला येतो: तो थोडा उघडून बाहेरची हवा आत येऊ द्यायची आणि काटा दीडशे-दोनशेवर आणायचा. पकड कमी झाली त्या मानाने कापही हलका घ्यायचा.

खुंटी कातताना हत्यार शक्यतो हेडस्टॉकच्या दिशेने रेटावं, म्हणजे कापाचा जोर वाडग्याला ड्रमवरच दाबतो. टेलस्टॉकचा आधार होईल तितका वेळ ठेवावा आणि मधला करंगळीएवढा तुकडा उरला की मगच काढावा. वेगाचा मोह टाळावा.

वीज जाण्याचा विचार मात्र आधीच करून ठेवायला हवा. वीज गेली की पंप तिथल्या तिथे थांबतो, पण जड वाडगा आणखी काही सेकंद फिरत राहतो आणि गळक्या लाकडात पकड तेवढ्यात सुटते. नळीवर एकाच दिशेने हवा जाऊ देणारा वॉल्व्ह आणि हेडस्टॉकच्या बाजूला एखादी छोटी रिकामी टाकी जोडली, तर तिच्यातलं साठलेलं व्हॅक्यूम लेथ थांबेपर्यंत वाडगा धरून ठेवतं. टाकी व्हॅक्यूम सोसणारी, धातूची असावी. प्लॅस्टिकचा डबा पिचकतो. काम संपवतानाही क्रम हाच: आधी लेथ पूर्ण थांबवायचा, एक हात वाडग्याखाली धरायचा आणि मगच वॉल्व्ह उघडायचा.