गोवर बरा झाल्यानंतर

गोवराला आपल्याकडे कुणी फारसं भीत नाही. ताप येतो, अंगभर पुरळ उठतं, आजी उशाशी कडुनिंबाचा पाला ठेवते आणि आठ-दहा दिवसांत पोर उठून खेळायला लागतं. एकदा येऊन गेला की पुन्हा होत नाही, हेही सगळ्यांना ठाऊक असतं. पुन्हा होत नाही हे खरं. येऊन ‘गेला’ हे मात्र हजारो मुलांमागे एखाद्याच्या बाबतीत खरं नसतं. त्याच्या मेंदूत विषाणू मागे राहिलेला असतो आणि सहा-आठ, कधी दहा वर्षांनी डोकं वर काढतो.

या आजाराचं नाव सबॲक्यूट स्क्लेरोझिंग पॅनएन्सेफलायटिस. एवढं लांबलचक नाव कोण घेणार, म्हणून डॉक्टर मंडळी त्याला एसएसपीई म्हणतात. सुरुवात फसवी असते. बऱ्यापैकी अभ्यास करणारं मूल मागे पडू लागतं. अक्षर बिघडतं, पाठ असलेले पाढे अडतात, चिडचिड वाढते. बाई म्हणतात वर्गात लक्ष नाही, घरचे म्हणतात मोबाईल काढून घ्या. मग झटके सुरू होतात. जेवताना हातातला घास उडतो, चालता चालता मान खाली जाते आणि पुढच्याच क्षणी सगळं पूर्ववत. कुठे ‘बाहेरचं’ झालं म्हणून अंगारे-धुपारे होतात, कुठे फिटच्या गोळ्या चालू होतात.

ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख, काढला की चित्र पालटतं. आलेखाच्या सगळ्या ओळींवर एकाच वेळी एक मोठी लाट उठते, ओसरते आणि काही सेकंदांनी तशीच पुन्हा उठते. लाट आणि शरीराचा झटका बहुधा बरोबरच येतात. हे चित्र एकदा पाहिलेला डॉक्टर ते विसरत नाही. मग पाठीतलं पाणी काढून तपासतात, तेव्हा त्यात गोवराविरुद्धच्या अँटिबॉडी भरमसाट सापडतात. इथे कुणीही बुचकळ्यात पडेल. शरीराने एवढी फौज उभी केली आहे, तरी शत्रू मजेत कसा?

अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये जेम्स डॉसन यांनी १९३३ साली अशा रोग्याच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. चेतापेशींमध्ये त्यांना विचित्र गोळे दिसले. हे विषाणूचं काम असावं असा त्यांचा तर्क होता, पण तो गोवराचा विषाणू आहे हे ठरायला १९६० चं दशक सरत आलं. १९६५ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात गोवराच्या कुळातल्या विषाणूसारखी रचना दिसली, १९६७ मध्ये बेलफास्टच्या डॉक्टरांनी रोग्यांमधल्या गोवराच्या अँटिबॉडी दाखवल्या आणि १९६९ मध्ये विषाणू मेंदूतून बाहेर काढून वाढवता आला. तोही सुखासुखी नाही. मेंदूतल्या पेशी दुसऱ्या पेशींशेजारी वाढवल्या, दोन्हींची आवरणं एकमेकांत मिसळली, तेव्हा कुठे तो हाती लागला. पुढे जे उलगडलं त्याची किल्ली याच अडचणीत होती.

गोवराच्या विषाणूला पेशीत शिरायला ठरावीक जागा लागते. जपानमधल्या क्यूशू विद्यापीठाच्या युसुके यानागी यांच्या गटाने २००० साली पहिली जागा दाखवली, रोगप्रतिकारक पेशींवरचं स्लॅम नावाचं प्रथिन. श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशींवरचं दुसरं, नेक्टिन-४, २०११ मध्ये सापडलं. पहिल्यातून शिरायचं, दुसऱ्यातून खोकल्यावाटे बाहेर पडायचं, असा त्याचा सरळ संसार. मेंदूतल्या चेतापेशींवर यांतलं एकही नाही. म्हणजे नियमाप्रमाणे मेंदूत त्याचा शिरकाव व्हायलाच नको.

मग तो शिरतो कसा? विषाणूवरचं ‘एच’ नावाचं प्रथिन पेशीवर टेकतं आणि शेजारच्या ‘एफ’ या प्रथिनाला इशारा देतं. एफ म्हणजे ताणून ठेवलेला उंदराचा सापळा. इशारा मिळाला की तो सुटतो आणि विषाणूचं व पेशीचं आवरण ओढून एक करतो. एसएसपीईच्या रोग्यांमधून मिळालेल्या विषाणूंत या एफमध्ये बदल झालेले दिसतात. सापळा इतका हलका झालेला असतो की जराशा धक्क्याने सुटावा. असा धक्का देऊ शकणारी कॅडम-१ आणि कॅडम-२ ही प्रथिनं चेतापेशींवर भरपूर असतात. एक चेतापेशी दुसरीला जिथे भिडते तिथे आवरणं जुळतात आणि विषाणूचा आरएनए अलगद पलीकडे जातो. नवा विषाणू घडवून बाहेर सोडायची गरजच उरत नाही. तो घडवायला लागणारं ‘एम’ प्रथिनही मग निरुपयोगी होतं. रॉबर्तो कात्तानेओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात झुरिकमध्ये एमचं जनुक तपासलं, तेव्हा ते ठिकठिकाणी एकाच प्रकारच्या बदलांनी पार बिघडलेलं निघालं.

पाठीतल्या पाण्याचं कोडं इथे सुटतं. अँटिबॉडी पेशींच्या बाहेर तरंगतात आणि विषाणू बाहेर येतच नाही.

२०२३ साली दोन शोधनिबंध आले आणि माझ्या मते या विषयातली सगळ्यांत रंजक गोष्ट त्यांत आहे. यानागींच्या गटाने दाखवलं की एका पेशीतून दुसरीत विषाणूच्या अनेक प्रती एकगठ्ठा जातात, त्यामुळे जुन्या आणि बदललेल्या एफची सरमिसळ होते. कधी जुना एफ नव्याला अडवतो, तर कधी एकटा दुबळा ठरणारा नवा एफ जुन्याच्या साथीने जोर धरतो. दुसरा निबंध कात्तानेओंचा; ते तोवर अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये होते. लहानपणी गोवर झालेली आणि पुढे मोठेपणी एसएसपीईने दगावलेली एक व्यक्ती. तिच्या मेंदूच्या १५ भागांतले विषाणूचे आरएनए त्यांच्या गटाने वाचले. प्रसार कपाळामागच्या भागातून सुरू होऊन सगळीकडे पोचला होता आणि तिथेही एकाहून जास्त प्रती जोडीने काम करत होत्या.

एवढ्या उपद्व्यापातून विषाणूला काय मिळतं? काहीच नाही. हलका सापळा मेंदूबाहेर टिकत नाही. एसएसपीई झालेल्या मुलाकडून कुणाला गोवर होत नाही. विषाणूचा वंश तिथेच संपतो आणि जाताना मूलही घेऊन जातो. बहुतेक रोगी एक ते तीन वर्षांत दगावतात. आयसोप्रिनोसिन आणि इंटरफेरॉन यांनी काहींचा आजार थोपतो, बरा होत नाही.

मेंदूला होणारा गोवराचा आणखी एक त्रास लगेचचा आहे. हजारात एखाद्या रोग्याला पुरळ असतानाच किंवा नंतर काही दिवसांत मेंदूज्वर होतो. लेखक रोआल्ड डाल यांची सात वर्षांची मुलगी ऑलिव्हिया १९६२ मध्ये अशीच गेली.

एसएसपीईचा धोका सगळ्यांना सारखा नसतो. गोवर जितक्या लहान वयात, तितका तो जास्त. कॅलिफोर्नियातल्या १९८८ ते १९९१ च्या साथीचा हिशेब पुढे मांडला, तेव्हा पाच वर्षांखालच्या १,३६७ रोग्यांमागे एकाला एसएसपीई झाल्याचं दिसलं; वर्षाच्या आतल्या बाळांत ते ६०९ मध्ये एक होतं. लसीतला विषाणू मात्र एसएसपीईच्या कुठल्याही रोग्याच्या मेंदूत आजवर सापडलेला नाही. सापडतो तो साथीतलाच.

आपल्याकडे लसीची पहिली मात्रा नवव्या महिन्यात, दुसरी १६ ते २४ महिन्यांत. आईकडून आलेल्या अँटिबॉडी त्याआधीच ओसरू लागतात, म्हणून मधले काही महिने बाळ उघडं असतं. त्याचं रक्षण आसपासच्या मुलांनी लस घेण्यावरच अवलंबून. कोविडच्या काळात लसीकरणाची घडी विस्कटली आणि २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोवंडीतून मुंबईत गोवर पसरला, मालेगाव-भिवंडीतही. जिथे नऊ महिन्यांखालच्या बाळांनाच गोवर होत होता, तिथे सहा महिन्यांपासून जादा मात्रा देण्याचा सल्ला केंद्राने दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये एक शाळकरी मूल एसएसपीईने गेल्याचं तिथल्या आरोग्य खात्याने जाहीर केलं. त्याला गोवर झाला तेव्हा त्याचं लस घेण्याचं वयही झालेलं नव्हतं. गोवंडीच्या साथीत जी बाळं सापडली, त्यांच्यासाठी हा धोक्याचा काळ आता सुरू होतो आहे आणि पुढची आठ-दहा वर्षं तो राहील.