बॅकअप सॉफ्टवेअरचे पॅकेज: ऐच्छिक बिल्ड पर्याय कसे ठरवावेत?

लिनक्सवरील बहुतेक सॉफ्टवेअरचा सोर्स कोड खुला असतो. त्यापासून पॅकेज तयार करताना कोणत्या सोयी आत घ्यायच्या आणि कोणत्या वगळायच्या, हे पॅकेज करणाऱ्याला ठरवावे लागते. या निवडींना ऐच्छिक बिल्ड पर्याय म्हणतात. बॅकअप सॉफ्टवेअरच्या बाबतीत ही निवड विशेष जपून करावी लागते, कारण तिची खरी परीक्षा डेटा परत मिळवायच्या दिवशी होते. या पाठात आपण अमांडा या सॉफ्टवेअरच्या आधारे काही नियम समजून घेऊ.

१. अमांडाची ओळख

अमांडा १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात तयार झाले. एका सर्व्हरने नेटवर्कवरील अनेक संगणकांचा बॅकअप घ्यावा, ही त्यामागची कल्पना. त्यावर आधारलेले झमांडा हे व्यावसायिक उत्पादन आता बेटसोल या कंपनीकडे आहे. या कंपनीचे कार्यालय बेंगळुरूतही आहे.

२. सर्व्हर आणि क्लायंट वेगळे करणे

समजा, कॉलेजच्या लॅबमध्ये ४० संगणक आणि एक बॅकअप सर्व्हर आहे. चाळीसही संगणकांवर टेप हाताळणारा भाग टाकण्याचे कारण नाही. अमांडाच्या कॉन्फिगर स्क्रिप्टला ‘विदाउट-सर्व्हर’ हा पर्याय दिला की सर्व्हरचा भाग वगळला जातो.

हीच गरज दोन वितरणे दोन प्रकारे भागवतात. जेंटूमध्ये बिल्ड सहसा वापरणाऱ्याच्याच संगणकावर होते, म्हणून तिथे ‘मिनिमल’ हा यूझ फ्लॅग आहे. तो लावला की फक्त क्लायंट तयार होतो. डेबियनमध्ये बिल्ड एकदाच, मध्यवर्ती ठिकाणी होते. म्हणून तिथे दोन्ही भाग बिल्ड करून क्लायंट, सर्व्हर आणि सामाईक फाइल्स अशी वेगवेगळी पॅकेजेस केली जातात.

नियम: बिल्ड वापरणाऱ्याकडे होत असेल तर पर्याय द्या, मध्यवर्ती होत असेल तर पॅकेज विभागा.

३. ‘सापडले तर घ्या’ हा धोका

अनेक कॉन्फिगर स्क्रिप्ट संगणकावर एखादी लायब्ररी शोधतात. ती सापडली तर संबंधित सोय आत घेतात, नाही तर गुपचूप वगळतात. वरवर हे सोयीचे वाटते. पण त्यामुळे एकाच कृतीतून दोन संगणकांवर दोन वेगळी पॅकेजेस तयार होऊ शकतात.

अमांडा एस-थ्री पद्धतीच्या क्लाउड साठ्यावर बॅकअप ठेवू शकते. त्यासाठी लिबकर्ल ही लायब्ररी लागते. समजा, लॅबचा सर्व्हर जळाला आणि लिबकर्ल नसलेल्या नव्या संगणकावर पॅकेज पुन्हा बिल्ड केले. बिल्ड यशस्वी झाले, इन्स्टॉलही झाले. पण क्लाउडमधला बॅकअप त्याला वाचताच येत नाही. डेटा शाबूत आहे, तरीही हाताशी नाही. आणि हे कळते ते नेमके घाईच्या वेळी.

नियम: प्रत्येक पर्याय ‘हो’ किंवा ‘नाही’ असा स्पष्ट लिहा. ‘हो’ लिहूनही लायब्ररी नसेल, तर बिल्ड तिथेच थांबले पाहिजे.

४. मूल्य असलेले पर्याय

काही पर्यायांना हो-नाही चालत नाही, मूल्य द्यावे लागते. अमांडा कोणत्या वापरकर्त्याच्या नावाने चालेल, हे बिल्डच्या वेळीच ठरते. डेबियनमध्ये हे नाव ‘बॅकअप’ आहे, तर फेडोरामध्ये ‘अमांडाबॅकअप’. सर्व्हर एका वितरणावर आणि क्लायंट दुसऱ्यावर असेल, तर क्लायंटवरील परवानगीच्या फाइलमध्ये सर्व्हरकडचे नाव लिहावे लागते. ते चुकले की क्लायंट जोडणी नाकारतो.

नियम: अशी मूल्ये आवृत्तीगणिक बदलू नका, आणि ती पॅकेजच्या माहितीत नोंदवा.

५. काय कधीच ऐच्छिक नसावे?

अमांडामध्ये रिस्टोअरचा भाग वगळण्याचाही पर्याय आहे. पण सर्व्हर ठेवून फक्त रिस्टोअर वगळायला गेलो, तर कॉन्फिगर स्क्रिप्ट चूक दाखवून थांबते. बॅकअप साठवणारे पण परत न देणारे पॅकेज तयारच होऊ नये, ही काळजी इथे रचनेतच घेतलेली आहे.

याच्या जोडीला आणखी एक आधार आहे. अमांडा नेहमीच्या मांडणीत टारसारख्या प्रचलित साधनांनीच बॅकअप घेते आणि सुरुवातीला ३२ किलोबाइटचा मथळा जोडते. तो मथळा डीडी आज्ञेने ओलांडला की पुढचा मजकूर टारने उघडता येतो. तो दाबलेला असेल तर आधी जीझिप लागते. म्हणजे अमांडा नसतानाही डेटा मिळू शकतो. मात्र जीझिप, टार यांसारखे बाहेरचे प्रोग्राम पॅकेजच्या अवलंबनांमध्ये नोंदवलेले असले पाहिजेत.

नियम: जे लिहिण्यासाठी वापरले, ते वाचण्यासाठीही उपलब्ध राहिले पाहिजे.

सारांश

पर्याय ठरवताना पॅकेज किती लहान होईल, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा: ही सोय बंद केली, तर आधी घेतलेला एखादा बॅकअप वाचता येईनासा होईल का? उत्तर ‘हो’ असेल, तर ती सोय मुळातच चालू ठेवावी आणि बंद करणाऱ्याला स्पष्ट सूचना मिळावी.

स्वाध्याय

१) ‘सापडले तर घ्या’ पद्धतीमुळे एकाच कृतीतून वेगळी पॅकेजेस कशी तयार होतात, ते सांगा.
२) जेंटू आणि डेबियन यांच्या पद्धतींतील फरकाचे कारण लिहा.
३) बाक्युला या सॉफ्टवेअरची नोंदवही पोस्टग्रेस, मायएसक्यूएल किंवा एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये ठेवता येते. यांतील एकच निवडायचा असेल, तर बिल्ड पर्याय कसा आखाल?