समुद्रकाठची शेकोटी : तिथी, वारा आणि वाळू

डिसेंबर लागला की आपली बेळगावकर मंडळी चोर्ला किंवा आंबोली घाट उतरून समुद्राकडे निघतात. आम्ही काही निवृत्त मित्र सहकुटुंब जातो, आणि गर्दीचे किनारे टाळून शिरोड्याचे वेळागर, वेंगुर्ल्याचा सागरेश्वर किंवा तेरेखोलच्या मुखाजवळची केरी गाठतो. संध्याकाळी छोटी शेकोटी पेटवून गप्पा मारत बसण्यासारखे सुख नाही. मात्र त्यासाठी थोडी माहिती हवी.

पहिली गोष्ट भरतीची. कोकणातले जुने लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. बँकेत आयुष्य गेलेल्या आम्हाला हा हिशेब फार आवडतो! तृतीयेला तीनची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे दुपारी सव्वादोनच्या सुमारास पूर्ण भरती; त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी, रात्री साडेआठच्या आसपास, पूर्ण ओहोटी. एकादशीला मात्र रात्री सव्वाआठलाच भरती. म्हणून तृतीया-चतुर्थी, शुद्ध असो वा वद्य, शेकोटीला उत्तम. ओहोटीने उघड्या पडलेल्या ओलसर, घट्ट वाळूवर बसावे. उरलीसुरली राख पहाटेच्या आत समुद्र धुऊन नेतो.

वरच्या कोरड्या वाळूत शेकोटी नको, याला आणखी एक कारण आहे. ऑलिव्ह रिडले कासवे भरतीच्या रेषेच्या वर, सुमारे दीड फूट खोल खड्ड्यात अंडी घालतात. पिल्ले रात्री बाहेर पडतात आणि उजळ दिसणाऱ्या क्षितिजाकडे, म्हणजे समुद्राकडे, धावतात. जमिनीच्या बाजूला प्रकाश दिसला की ती भलतीकडेच वळतात. विणीचा हंगाम नेमका आपल्या सहलींचा, थंडीचा. पिल्ले पुढे उन्हाळ्यापर्यंत निघत राहतात. त्यामुळे गोव्यातले मोरजी, आश्वे-मांद्रे, आगोंद, गालजीबाग आणि वेंगुर्ल्याजवळचे वायंगणी येथे नोव्हेंबर ते मे शेकोटी पेटवूच नये. हे किनारे शांत असतात, म्हणूनच मोह होतो. इतरत्रही आधी गावात विचारून घ्यावे. गोव्यात किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक करायलाही कायद्याने बंदी आहे, तेव्हा बटाटे-कणसे भाजण्याचा बेत तिकडे करू नये.

जळणाला करवंट्या, नारळाची सोडणे आणि वाळक्या झावळ्या पुरतात. समुद्राने आणून टाकलेले खारट लाकूड किंवा होडीच्या रंगवलेल्या फळ्या जाळू नयेत. त्यांचा धूर घातक असतो. सूर्यास्ताच्या वेळी खारा वारा अजून समुद्राकडून वाहत असतो, म्हणून ठिणग्या सुरूच्या बनाकडे जातात. तिथली वाळलेली पाने पेटायला वेळ लागत नाही. बनापासून लांबच बसावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे विझवणे. निखाऱ्यांवर वाळू लोटून निघून जाण्याची पद्धत सर्रास दिसते, आणि तीच घातक आहे. वाळू उष्णता धरून ठेवते. वरून सगळे गार, आत तासन्‌तास धग. दोन वर्षांपूर्वी आमच्यातल्या एकाच्या सहा वर्षांच्या नातवाचा पाय अशाच, दुसऱ्या कुणाच्या बुजवलेल्या शेकोटीवर पडला आणि तळवा चांगलाच भाजला. पुढचे तीन आठवडे पोराला चालता आले नाही. म्हणून बादली सोबत ठेवावी, समुद्राचे पाणी ओतावे, काठीने ढवळावे, पुन्हा ओतावे. हाताची मागची बाजू जवळ नेऊन ऊब लागत नाही याची खात्री झाली की मगच चपला शोधायला लागावे.