कळा मंदावल्या तेव्हा

सकाळी ७:४०
पेठ तालुक्यातलं एक प्राथमिक आरोग्य केंद्र. पहिलटकरीण पहाटेच आलीय, सोबत सासू आणि आशाताई. १०२ची गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन नाशिकला गेलेली, म्हणून खासगी जीप केली. तिघींचे १२० रुपये आशाताईंनीच काढून दिले. सिस्टर एक हात पोटावर ठेवून दुसऱ्या हातातल्या घड्याळाकडे बघतात. दहा मिनिटांत दोन कळा, त्याही पंचवीस सेकंदांच्या. गर्भपिशवीचं तोंड ४ सेंटिमीटर. बाळाचे ठोके १३८.

८:३०
सासूबाईंचं एकच म्हणणं, "सुई द्या, मोकळी होईल." सिस्टर शांतपणे सांगतात, "सुईनं कळा जोरात येतील मावशी, पण बाळाचा श्वास कोंडला तर इथं ऑपरेशन होत नाही. सावळघाट ओलांडून नाशिक गाठावं लागंल." पिशवीतली एरंडेलाची बाटलीही त्या परत ठेवायला लावतात. जुलाब लागले तर पोरीच्या अंगात जोर कुठून राहणार?

९:१५
पहिलं काम लघवीचं. पाच तास झालेत, मूत्राशय तट्ट भरलंय. भरलेलं मूत्राशय बाळाचं डोकं खाली येऊ देत नाही. संडास व्हरांड्याच्या टोकाला. ती तिथवर चालत जाते आणि येतानाच एक कळ धरते. आता दर दोन तासांनी हीच फेरी.

१०:००
व्हरांडा साधारण बारा पावलांचा. ती चालते, कळ आली की खिडकीचा गज धरून पुढं वाकते. आशाताई मागून कंबरेवर तळहात रोवतात, माकडहाडाच्या जरा वर. वरवर चोळून भागत नाही, चांगला दाब द्यावा लागतो. मिनिटभरात त्यांच्याच मनगटाला रग लागते. उभं राहिलं, हिंडलं की हा पहिला टप्पा सरासरी तासाभराहून जास्त लवकर आटोपतो, असं अभ्यासांत दिसलंय. खाटेवर उताणं झोपवण्याची सवय मात्र अजून मोडत नाही.

११:४०
पुन्हा तपासणी. चार तासांत एकच सेंटिमीटर. सासूबाईंचा चेहरा उतरतो. तासाला एक सेंटिमीटर झालंच पाहिजे, हा जुना हिशोब जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली बाजूला ठेवायला सांगितला. ५ सेंटिमीटरच्या आधी कळा रेंगाळतातच. म्हणून सिस्टर घाई करत नाहीत, पण नजरही हटवत नाहीत. दर अर्ध्या तासाला डॉप्लर, बोटभर जेली, कागदावर एक टिंब. ठोके ११०च्या खाली किंवा १६०च्या वर गेले, पाणी हिरवट आलं, अंगावरून रक्त गेलं, की थांबायचं नाही, नाशिकला न्यायचं. ड्रायव्हरचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलाय.

दुपारी १२:३०
नागलीची पेज, थोडं मीठ. तिला नको असते. आशाताई म्हणतात, "दोन घोट घे गं, उपाशीपोटी कळ लागत नाही." निम्मी वाटी जाते. मग गोड चहा.

१:४५
दुखणं सगळं पाठीत. सिस्टर जमिनीवर सतरंजी टाकतात, तिला हातागुडघ्यांवर रांगतं करतात. आईच्या पाठीला पाठ लावून असलेलं बाळ कधीकधी असं फिरतं. न फिरलं तरी कंबरेचा ताण हलका होतो, तेवढ्यासाठीही हे करण्यासारखं आहे. कंबरेवर गरम पाण्याची पिशवी. पडदा ओढलेला, ट्यूब बंद, बघ्या नातेवाइकांना बाहेर काढलेलं. ओळखीचं माणूस जवळ, आवाज कमी. भीतीनं कळा आखडतात, हे सिस्टरांनी कितीदा पाहिलंय.

२:००
ड्यूटी संपली. दुसऱ्या सिस्टर आल्या. पहिल्या निघत नाहीत, सही करून थांबतात. त्याचे पैसे नाहीत.

३:४०
७ सेंटिमीटर. पाणमोट फुटली, पाणी स्वच्छ. आता दहा मिनिटांत चार कळा.

५:५०
तोंड पूर्ण उघडलं. सासूबाईंचे हात पोट दाबायला पुढं येतात. सिस्टर ते धरून बाजूला करतात. पोरगी उकिडवी, पाठीशी आशाताई. "कळ आली की जोर, गेली की सोड."

६:३५
मुलगी. २ किलो ७५०. मांडीत ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन. त्याची खरी वेळ ही, रक्तस्राव रोखायला. नाळेचे ठोके थांबल्यावरच नाळ कापतात. आठ मिनिटांत वार पडते.

रात्री ८:००
जननी सुरक्षा योजनेचे ७०० रुपये बाळंतिणीच्या खात्यात जमा व्हायचेत. आधार सासरच्या नावाचं, पासबुक माहेरच्या. आशाताईंचे ६०० याच योजनेच्या फॉर्मवर अडलेले. झेरॉक्सला २ रुपये पान. "परवापर्यंत तुम्ही इथंच आहात," त्या सासूबाईंना सांगतात, "तेवढ्यात पासबुक मागवून घ्या. बँकेत मी येते सोबत."