एका तारेची ओढ

हाताने घडवलेल्या विजेरी गिटारीचे मोल आज लाकडाच्या नावावर ठरते. ब्राझीलचा रोझवुड, मादागास्करचा आबनूस, होंडुरासची महोगनी. झाड जितके दुर्मिळ तितकी किंमत मोठी. तंतुवाद्याचा स्वर दुर्मिळ लाकडातून येतो, हा त्यामागचा समज. गोंधळी माहूरच्या रेणुकेपुढे जे तुणतुणे वाजवतात, त्यावर हा समज तपासून पाहावा. तार, कातडे, बांबू आणि पोकळ नळकांडे एवढाच त्याचा पसारा. लाकूड हाताशी येईल ते चालते, वेळेला पत्र्याचा डबाही चालतो. मला वाटते, तंतुवाद्याची खरी कारागिरी तारेची ओढ कुठे आणि कशी पेलली जाते यात असते. या कसोटीवर तुणतुणे कोणत्याही महागड्या गिटारीइतकेच विचारपूर्वक घडलेले वाद्य आहे, आणि त्याची दखलही तितक्याच गांभीर्याने घ्यायला हवी.

महाराष्ट्राच्या साडेतीन शक्तिपीठांपैकी माहूर हे एक. गोंधळ्यांच्या दोन परंपरांपैकी रेणुराई माहूरच्या रेणुकेला मानतात, तर कदमराई तुळजापूरच्या भवानीला. गोंधळाची उगमकथाही रेणुकेशीच जोडलेली आहे. परशुरामाने बेटासुराला मारले, त्याच्या शिराचे वाद्य करून त्यात तंतू ओवला आणि ते वाजवत तो आईच्या दर्शनाला आला, असे ही कथा सांगते. कथा इतिहासाचा पुरावा ठरत नाही. मात्र वाद्याबद्दलची एक नेमकी समज तिने जपली आहे: एक पोकळी आणि तिच्यातून ओढलेला तंतू एवढ्यावर वाद्य उभे राहते, लाकडाचा त्यात उल्लेखही नाही.

तुणतुण्याची रचना नेमकी अशीच आहे. नळकांड्याचे वरचे तोंड उघडे असते, खालच्या तोंडावर बकऱ्याचे कातडे मढवलेले असते. कातड्याच्या मध्यातून तार ओवतात आणि ओढीने कातडे फाटू नये म्हणून खाली चकती अडकवतात. तार पोकळीतून वर जाऊन, बाजूला ठोकलेल्या बांबूच्या टोकाशी खुंटीला गुंडाळली जाते. गिटारीची तार लाकडाला समांतर धावते. तुणतुण्याची तार कातड्यावर काटकोनात उभी असते. सगळी किमया या काटकोनात आहे. छेडलेली तार एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे झुकते, आणि दोन्ही वेळा ताणली जाऊन कातड्याला हिसका देते. तारेच्या एका कंपनात कातडे दोनदा हलते, म्हणून तारेच्या मूळ स्वरापेक्षा एक सप्तक वरचा स्वर ठळक उमटतो. शिवाय तारेचे झोके निम्मे झाले की हा हिसका चौथाईवर येतो. त्यामुळे आवाज ठणकन उठतो आणि लगेच विरतो. एकच तार गाणाऱ्याला आधारस्वर देते आणि संबळाच्या जोडीने लयही धरते, ती या गुणामुळे. यल्लमा देवीच्या जोगत्यांच्या चौंडके या वाद्यात हीच रचना आहे. फक्त तिथे तार हाताने ताणून धरतात आणि स्वर हवा तसा चढवतात-उतरवतात. तुणतुण्यात तार ताणून धरण्याचे काम बांबू करतो. बांबू लवचिक निघाला तर वाकतो आणि स्वर उतरतो. कातडे पावसाळी हवेत ओल धरून सैल पडले, तरी तेच होते. इतके साधे वाद्य कुणीही करील, असे म्हणणाऱ्याने बांबू, कातडे आणि तार यांचा हा तोल एकदा साधून पाहावा.

यावर रास्त आक्षेप असा, की लाकडाने फरक पडतोच. मिरजेचे कारागीर तंबोऱ्यासाठी तूणचे लाकूड निवडून घेतात, ते उगाच नव्हे. हे खरे आहे. पण लाकडाचे वजन, ताठपणा आणि सुकेपणा हे तिथे काम करणारे गुण आहेत. झाड जगात किती उरले आहे याचा स्वराशी संबंध नाही. विजेरी गिटारीत तर लाकडाचा वाटा आणखी कमी. तिथे तारेखालचे चुंबक आणि तांब्याचे वेटोळे तारेची हालचाल थेट विजेत उतरवतात. रिकनबॅकर नावाने पुढे गाजलेल्या कंपनीने १९३२ मध्ये बाजारात आणलेली विजेरी गिटार ओतीव अ‍ॅल्युमिनियमची होती. लेस पॉल यांनी १९४० च्या सुमारास पाइनच्या चार इंची चौकोनी ओंडक्यावर तारा चढवून आपली गिटार केली. दुर्मिळतेच्या हव्यासाची किंमत मात्र जंगलांनी मोजली. ब्राझीलच्या रोझवुडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ मध्ये बंदी आली आणि २०१७ मध्ये रोझवुडच्या, म्हणजेच शिसवाच्या, साऱ्या जातींचा व्यापार नियंत्रणाखाली गेला. तयार वाद्यांना २०१७ च्या या नियंत्रणातून सूट मिळाली ती २०१९ च्या अखेरीस.

तुणतुण्याची अडचण लाकडाची नाही, ऐकू येण्याची आहे. रात्रभराचा गोंधळ तासा-दोन तासांवर आला, मांडवात ध्वनिक्षेपक आले आणि त्यांच्या गजरात ही बारीक ठणक हरवली. नाचाच्या वाद्यवृंदात गिटारही अशीच हरवत होती. तिला चुंबकाने वाचवले. तुणतुण्याची तार पोलादी असेल तर तिलाही चुंबक बसवता येईल, पण तो केवळ तारेची हालचाल टिपेल. कातड्याने वर उचललेला स्वर, म्हणजे वाद्याचा खरा आवाज, त्यात येणारच नाही. म्हणून टिपायचे ते कातड्याचे कंपन, आणि त्यासाठीचा संवेदक चकतीजवळ कुठे चिकटवायचा हे वाद्य बांधणाऱ्यालाच विचारावे लागेल. तो सापडणे हीच मोठी अडचण. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, कारण तिथे पिढ्यान्‌पिढ्या वाद्ये करून विकणारी घराणी एका गावात नांदत आहेत. तुणतुणे बहुधा वाजवणाराच बांधतो आणि दुरुस्त करतो. त्याच्या मुलाने गोंधळ सोडला की गायक जातो तसा कारागीरही जातो, आणि त्याची नोंद कुठल्याच धंद्याच्या यादीत होत नाही. मेलेल्या वाद्याला संग्रहालयाच्या कपाटात जागा देण्यापेक्षा जिवंत गोंधळ्याला वाद्य बांधायला शिकवण्याचे मानधन देणे स्वस्त आहे आणि उपयोगाचेही. दुर्मिळतेलाच मोल द्यायचे असेल, तर ते या हाताच्या जाणकारीला द्यावे.