आपला माल, आपल्या तोंडून

2022 साली राज्य शासनाच्या नाविन्यता सोसायटीने महाराष्ट्र स्टार्टअप यात्रा काढली. आधी गाडी तालुक्यातालुक्यांत फिरली, मग रत्नागिरीसह प्रत्येक जिल्ह्यात प्रशिक्षण आणि सादरीकरण ठेवले गेले. ज्याच्याकडे कल्पना असेल त्याने परीक्षकांपुढे उभे राहून आपला धंदा समजावून सांगायचा. जिल्ह्यात पहिले बक्षीस 25 हजारांचे, दुसरे 15 आणि तिसरे 10 हजारांचे. बक्षिसात दुकान उभे राहत नाही, पण अनोळखी माणसाने आपल्या धंद्याला प्रश्न विचारावेत, ही गोष्ट आम्हाला बक्षिसापेक्षा मोलाची वाटते.

राजिवडा, मिरकरवाडा, कर्ला इथल्या घरांत हाताला चव असलेल्या भगिनींना तोटा नाही. सोडे, सुकट, आंबापोळी, फणसपोळी, कोकम सारे घरच्या घरी होते आणि मुंबईला, आखातात पिशव्या भरून जाते. तारीफही होते. भाव मात्र कोणी विचारत नाही, आणि विचारला तर आपल्यालाच सांगता येत नाही. मंचावर पहिला प्रश्न नेमका तोच येतो.

समजा, एका भगिनीने आंबापोळी मांडायचे ठरवले. किलोमागे आंबे, साखर, पाकीट मिळून 400 रुपये पडतात. ती 600 सांगते आणि 200 रुपये सुटले म्हणते. मग परीक्षक विचारतात, रस काढणारी, ताटे पसरणारी, दिवसभर उन्हाकडे लक्ष ठेवणारी कोण? ती स्वतः आणि तिची जाऊ. त्या दोघींची मजुरी किलोमागे 150 धरली, वाहतूक आणि वाया गेलेला माल यांचे 70 धरले, तर खर्च 620 वर जातो. म्हणजे प्रत्येक किलोला 20 रुपयांचा तोटा! घरच्या बाईची मेहनत फुकट धरायची सवय आपल्यात इतकी मुरली आहे की हिशेबाच्या वहीतही तिला जागा नसते. (पुरुषांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.)

दुसरा प्रश्न पावसाचा. आंबा एप्रिल-मेचा, मृग लागला की ऊन गेले. मग उरलेले महिने काय विकणार? इथे "बघू" म्हणून चालत नाही. फणसपोळी आणि कोकमही उन्हावरच सुकतात, तेव्हा पावसाळ्यासाठी माल आधीच साठवावा लागेल किंवा वाळवणीचे यंत्र घ्यावे लागेल. त्याचा खर्च तोंडपाठ हवा. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत रत्नागिरीचे उत्पादन आंबाच ठरले आहे, हेही तिथे सांगावे.

माल किती दिवस टिकतो, हे विचारले की पुष्कळजण वाढवून सांगतात. मदीनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आतला माल ओला निघाला. पावसाने भिजला, असे विक्रेता म्हणाला. मग भिजलेला वर का ठेवला नाहीस, लोकांना दिसला असता, असे आपण (स.) त्याला विचारले. मंचावरही ओला दाणा वरच ठेवावा. दमट हवेत आमची पोळी लवकर चिकटते, त्यासाठी अमुक पाकीट वापरतो, असे सांगणाऱ्यावर लोक लवकर भरवसा ठेवतात.

शेवटी पैशाची गोष्ट येते. व्याज टाळणाऱ्या घरांना भागीदारीचा मार्ग मोकळा आहे, एकाचे भांडवल आणि दुसऱ्याची मेहनत. पण कुवेतहून भावाने पाठवलेली रक्कम कर्ज आहे, भागीदारी आहे की मदत, हे बहुतेक घरांत कधी बोललेच जात नाही. परीक्षकाने "यात कोणाचा किती हिस्सा?" असे विचारले की आपण गोंधळतो. कुरआनातील सर्वांत लांब आयत, सूरह बकराची 282 वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवा असेच सांगते. भावाभावांत कागद कशाला, असे म्हणणाऱ्यांनी ती उघडून पाहावी.

राहिली भाषा. घरी आपण कोकणी बोलतो, म्हणून भगिनी मंचावर पुस्तकी मराठीच्या भीतीने गप्प होतात. रत्नागिरीत कोकणी कोणाला कळत नाही? घरच्या बोलीतच सांगा. आदल्या रात्री घड्याळ लावून घरच्यांसमोर तीन मिनिटे बोलून पाहा, आणि सासूबाईंना मुद्दाम भाव विचारायला सांगा. त्यांच्यासारखी घासाघीस कोणी परीक्षक करणार नाही.